डेम्लो संख्या: थोडी भर

१११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो (नुसत्या एकांच्या संख्येचा असा वर्ग म्हणजे डेम्लो संख्या), याला कुणीतरी 'चमत्कार' म्हटलंय. चमत्कार कसला, हातचा न आल्याची कृपा! कागदावर गुणाकार मांडून बघा: मधल्या रकान्यात नऊ एकं येतात, बेरीज ९, हातचा काही नाही. दहा एकांचा वर्ग केला की तिथेच १० होतात आणि मनोरा ढासळतो: १२३४५६७९००९८७६५४३२१.

मला याहून जास्त आवडतं ते हे: नऊ एकांचा तो वर्ग म्हणजे १२३४५६७९ × ९९९९९९९९९. (८ नाहीये, टायपो नव्हे.) म्हणजे १२३४५६७९ वर नऊ शून्यं चढवा आणि त्यातून १२३४५६७९ वजा करा, झालं. म्हणूनच शेवटचे नऊ अंक तोडून ते उरलेल्या १२३४५६७८ मध्ये मिळवले, की सरळ ९९९९९९९९९ मिळतात.

'डेम्लो' हे नाव देवळालीचे गणितज्ञ कापरेकर मास्तर यांनी एका रेल्वे स्टेशनावरून ठेवलेलं. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे मास्तरांचं नाव जगभर झालं, पण माझा जीव या डेम्लो संख्यांवरच जास्त.

आणि नऊ एकांच्या त्या वर्गाचे मूळ अवयव? ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. एकूण विभाजक ४५.