प्लास्टिकचा स्वस्त योयो: बेअरिंग बदलल्यापासून वर येत नाही आणि थरथरतो

गंगापूररोडकर
पॉलिकार्बोनेटचा योयो, चारशेच्या आतला. काट्यावर ६३ ग्रॅम भरला. खोक्यात एक अरुंद आणि एक रुंद अशी दोन बेअरिंग होती. अरुंद असताना झटका दिला की वर यायचा. रुंद बसवल्यापासून कितीही झटके द्या, तळाशी फिरतच राहतो, आणि तेही वीस सेकंदांतच थांबतो. फिरताना कडेला नख टेकवलं की थरथर लागते. दोरी खोक्यातलीच, न कापलेली. माल खराब आहे की अ‍ॅल्युमिनियमचाच घ्यायला हवा होता?

पेचवाला
वर न येणं हा दोष नाही, रुंद बेअरिंगचं कामच ते. दोन भागांमधली खाच रुंद झाली की एकेरी दोरी दोन्ही बाजूंच्या सिलिकॉन पॅडना टेकत नाही, मग पकड कुठून येणार? पकडीसाठी खाचेत दुहेरी दोरी घालावी लागते, त्यालाच बाइंड म्हणतात. योयो जोरात फिरत असताना दोरी डाव्या तर्जनीवरून घेऊन योयो दोरीवर बसवा. मग बोट आणि योयो यांच्यातला फास दोनेक इंचांपर्यंत आणा आणि उजवा हात खाली आणून दोरी सैल सोडा. योयो ती आत ओढू लागला की बोटावरचा फास सोडून द्या. फास मोठा राहिला तर आत गाठ बसते. ती ओढाताण करून काढू नका, योयो उघडून काढा.

नुसतं खाली-वर आणि 'पाळणा' वगैरे साध्या करामती करायच्या असतील तर अरुंद बेअरिंग परत घाला, त्यात कमीपणा काही नाही. दोरीवर एकामागून एक पेच घालायचे असतील तरच रुंद.

धातूशी तुलनेचं म्हणाल तर, प्लास्टिकमध्ये कडेला वजन कमी ठेवता येतं, म्हणून त्याच फेकीत तो लवकर मंदावतो आणि वाकडा पडला की सावरायला वेळ कमी मिळतो. पण शिकण्याच्या काळात बोटाच्या सांध्यावर आदळणार तोच, तेव्हा प्लास्टिक परवडतं.

अंबड_फिटर
वीस सेकंद म्हणजे बेअरिंग कोरडं नाही. कारखान्यातून येताना त्यात जाड तेल असतं. पत्र्याच्या झाकणाची बारीक रिंग टाचणीने उचला, दोन्ही झाकणं काढा. बाटलीच्या झाकणात अ‍ॅसिटोन घेऊन बेअरिंग पाच मिनिटं बुडवा, हलवा, कागदावर वाळवा. पेन्सिलच्या टोकावर घालून टिचकी मारा: मोकळं फिरलं पाहिजे, कडकड नको. मग शिलाई मशीनच्या तेलाचा टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच थेंब. जास्त झालं की योयो झटक्याला परत वर यायला लागतो.

बदली बेअरिंग हवंच असेल तर नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या बेअरिंगवाल्यांकडे 'आर १८८' विचारा. पाव इंच आतलं, अर्धा इंच बाहेरचं, जाडी ३/१६ इंच. मिलिमीटरमध्ये ६.३५, १२.७ आणि ४.७६. फिजेट स्पिनरमध्ये बऱ्याचदा हेच असतं. पण खोक्यातलं रुंद बेअरिंग आधी मोजा, माप जुळलं तरच घ्या. स्केटचं ६०८ मागू नका, ते बाहेरून २२ मिमी असतं.

थरथरीसाठी आधी बेअरिंग काढून उलटं बसवा. ते बैठकीवर तिरकं बसलं तरी थरथर लागते. नाही गेली तर अ‍ॅक्सल म्हणजे दोन भाग जोडणारा मधला स्क्रू काचेवर लोळवून पाहा, वाकलेला असेल तर हेलकावत चालतो. आणि घट्ट करताना जोर लावू नका! दोन्ही भाग टेकले की थांबा. प्लास्टिकमध्ये बसवलेला नट एकदा आतल्या आत फिरायला लागला की योयो गेला.

दोरी_आणि_मी
फिटरदादांचं बरोबर, फक्त एक इशारा: अ‍ॅसिटोन बेअरिंगपुरतंच. पॉलिकार्बोनेटला लागलं तर तडे जातात, एबीएस तर विरघळतं. हात पुसून, बेअरिंग पूर्ण वाळवूनच बसवा.

दोरीकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. योयो जमिनीला टेकवून उभे राहा, दोरी बेंबीच्या थोडी वर आली की तिथे कापून फास बांधा. न कापलेल्या लांब दोरीने योयो शहाबादीवर आपटतो, तिथूनच कडा खरवडल्या जातात. पिळाची परीक्षा सोपी. दोरीचा यू करून दोन बाजू जवळ आणा, एकमेकींत गुंतल्या तर पीळ जास्त. फास बोटातून काढा, योयो हातात धरून दोरी लोंबू द्या, जादा पीळ उतरतो. पॉलिएस्टरची दोरी केसाळ झाली की फेकून द्या. भोवऱ्याची जाळी इथे चालणार नाही, जाड पडते.

जुलै-ऑगस्टच्या दमटपणात धुतलेलं, तेल न घातलेलं बेअरिंग चार दिवसांत गंजू शकतं. डबीत सिलिका जेलची पुडी टाका.

गंगापूररोडकर
बेअरिंग धुतलं, उलटं बसवलं. थरथर बरीच कमी झाली. बाइंड दहात तीनदा लागतो. पॅड बदलू का?

पेचवाला
पॅड बैठकीच्या कडेशी समतल असतील तर नको. बोटाला गुळगुळीत लागले किंवा आत दबलेले दिसले तर बदला. पॅड बसतो त्या खाचेचा व्यास मोजून घ्या, १९ मिमीचे पुष्कळ योयोंना बसतात. तोवर फास दीड इंचावर आणून पाहा.