शब्दचर्चा: 'विकास योजना' आली म्हणजे नेमकं काय आलं?

पाणंदकर:
कोल्हापूरला खेटून आमचं गाव. 2017 साली हद्दवाढीच्या ऐवजी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं, त्यात जी 42 गावं गेली त्यातलं एक. ग्रामसभेच्या आधी वाटायला एक पानी पत्रक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पुढच्या वीस वर्षांत कुठं घरं होणार, कुठं शेतीच राहणार, रस्ता कुणाच्या रानातनं जाणार, शाळेला-बागेला जागा कुठली, हे ठरवणारा जो नकाशा असतो त्याला काय म्हणू? 'विकास योजना' की 'विकास आराखडा'?

काल कच्चं पत्रक घरात मोठ्यानं वाचलं. आजी शेंगा फोडत बसली होती. 'गावासाठी विकास योजना' एवढं कानावर पडल्याबरोबर म्हणाली, "मग किती मिळणार हाईत? आधार कार्ड लागतंय काय?" आधी हसलो. मग लक्षात आलं, निम्मं गाव हेच समजणार.

शब्दवेडी:
कायद्यातला शब्द 'विकास योजना'च आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये 'प्रादेशिक योजना' आणि 'विकास योजना' असे शब्द येतात. वर्तमानपत्रवाले 'विकास आराखडा' छापतात आणि बिल्डर, वकील, दलाल सगळे 'डीपी' (डेव्हलपमेंट प्लॅन) म्हणतात. एका कागदाची तीन नावं.

पण आजींचं काहीच चुकलेलं नाही. 'योजना' हा शब्द मूळचा जोडणी-मांडणीचा. इतकी वर्षं घरकुल योजना, विहीर योजना, अमुक लाभार्थी योजना ऐकून त्याचा अर्थ आता 'सरकारनं देऊ केलेली रक्कम' असाच झालाय. क्रियापदं बघा ना. योजना 'येते', आपण योजनेत 'बसतो', योजनेतून 'मिळतं'. अशा गोष्टीवर हरकत कोण घेईल? आणि इथं तर हरकत घेणं हाच लोकांच्या हातातला मुख्य हक्क. म्हणून मी 'आराखडा'च्या बाजूची.

दप्तरातला माणूस:
ताई, गावात 'आराखडा'ही बाटलेला आहे. 'आमचं गाव, आमचा विकास' सुरू झाल्यापासून ग्रामपंचायत विकास आराखडा करतो आम्ही. त्यात असतं काय? गटर, पाण्याची टाकी, अंगणवाडीची फरशी, दिवाबत्ती, आणि प्रत्येकासमोर रक्कम. म्हणजे कामांची यादी. ग्रामसभेत 'आराखडा' म्हटलं की माणूस उठून म्हणतो, 'आमच्या गल्लीचा रस्ता घाला त्यात.' त्याला वाटतं यादीत नाव आलं की काम झालं. शहराच्या आराखड्यात रस्ता 'घातला' की तो कुणाच्या तरी जमिनीवर पडतो, हे त्याच्या डोक्यातही येत नाही. एक पैशाचा आराखडा, दुसरा जमिनीचा. नाव मात्र एकच.

'नियोजन' सुचवणार असाल तर आधीच सांगतो, आमच्या पिढीला नियोजन म्हटलं की अजून कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आठवतो.

जुना भूकरमापक:
रिटायर माणूस आहे, वेळ आहे, थोडं लांबवतो. शहाण्यांनी खाली सरकावं.

नवीन शब्द कशाला हुडकालाय? आपल्याकडं हे शब्द पहिल्यापासूनच होते. गावाच्या जमिनीचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाचं रान. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान् पिढ्या मातीच्या भिंती पडून, राख-शेण मिसळून तिथली माती पांढुरकी होते, म्हणून पांढरी. पांढरीत नांगर नाही, काळीत घर नाही. मग शिवेपर्यंत गायरान, वेशीबाहेर खळी, ओढ्याच्या कडेनं पड, रानात जायला पाणंद. हा आराखडाच की! फक्त रंगवलेला नव्हता.

पांढरी कुठं बसवायची याचंही गणित होतं. पंचगंगेच्या काठची ब्रह्मपुरीची टेकडी बघा. 1945-46 ला तिथं उत्खनन झालं तेव्हा सातवाहनांच्या काळापासूनची वस्ती निघाली. नदी पायाशी, पण घर उंचवट्यावर. पाणी भरायला चार पावलं जास्त चालावं लागलं तरी चालेल, पण पाणी चुलीपर्यंत येता कामा नये.

आता पांढरीला 'गावठाण' म्हणतात, काळीला 'शेती विभाग'. आणि बोलताना काय म्हणतात? 'तुमचं हिरव्यात हाय का पिवळ्यात?' नकाशात शेतीला हिरवा आणि रहिवासाला पिवळा रंग असतो ना. मातीच्या रंगावरनं आपण रंगपेटीवर आलो, एवढाच फरक. नोकरीत असताना एक म्हातारा सातबारा घेऊन आला आणि म्हणाला, "सायेब, माझी काळी पिवळी झाली का बघा." असं वाक्य कुठल्या शब्दकोशात सापडायचं नाही.

शब्दवेडी:
काका, 'काळी पिवळी झाली का' हे मी वहीत उतरवून घेतलं!

याच पंगतीतला दुसरा शब्द 'आरक्षण'. माणसांना आरक्षण 'मिळतं', जमिनीवर आरक्षण 'पडतं', म्हणजे ती रस्त्याला, शाळेला नाहीतर बागेला राखून ठेवतात. दुष्काळ पडतो, दरोडा पडतो, तसं. आणि जायचं झालं की ते 'उठतं', बाजार उठतो तसं. कायद्याच्या मराठीत 'व्यपगत होणे'. हा शब्द मी आजवर एकाही जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही.

तीन गुंठेवाला:
आमच्यावर पडलंय. वडलांनी तीन गुंठे घेतले. 33 फुटी साखळीच्या हिशोबानं गुंठा 1089 चौरस फूट, म्हणजे सव्वातीन हजार फुटांचं स्वप्न. बांधकाम परवानगीला गेलो तर टेबलावरचा माणूस नकाशावर बोट ठेवून म्हणाला, 'हे बागेत आहे.' बागेत! तिथं तेव्हा एक बाभळ आणि आमचा दगडांचा ढीग एवढंच होतं. नोटीस पेपरात आलेली होती म्हणे. तो पेपर आमच्याच घरी येतो. चपातीच्या डब्यात तळाला घातला असणार.

तेव्हा पाणंदकर भावा, शब्द कुठलाही घाल, पण 'प्रारूप योजना प्रसिद्ध झाली आहे' असलं काही लिहू नको. 'प्रसिद्ध' म्हटलं की माणसाला नट आठवतो. तारीख लिही. प्रारूप, म्हणजे कच्चा नकाशा, जाहीर झाल्यापासून हरकती-सूचनांना 30 दिवस असतात. ते संपले की पुढं भांडायला वकील लागतो.

दप्तरातला माणूस:
पुढची वाटही आहे, पण लांबची. अंतिम योजना लागू झाल्यापासून 10 वर्षांत जागा घेतली नाही, तर त्याच 1966 च्या कायद्याच्या कलम 127 खाली मालकानं नोटीस द्यायची. त्यानंतर 24 महिन्यांत भूसंपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण उठतं. आपोआप उठत नाही हो, नोटीस द्यावी लागते. 'दहा वर्षं झाली की सुटतं' हे कट्ट्यावरचं ज्ञान अर्धवट आहे.

शाहूपुरीकर:
पुराचे शब्दही पत्रकात घ्या, त्यात तर लईच घोळ. पुराची 'पातळी' आणि पुराची 'रेषा' लोक एकच समजतात. पातळी ही आजच्या पाण्याची. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा, 43 फूट धोका. पावसाळ्यात सकाळी चहाबरोबर आम्ही फूट-इंच वाचतो, 2019 ला तर आकडा 55 च्या वर गेला. रेषा मात्र नकाशावरची, पाऊस असो नसो तिथंच.

त्यात रेषा दोन, निळी आणि लाल. लाल म्हटलं की माणसाला वाटतं तिथंच खरी बंदी. उलटं आहे. निळी नदीच्या जवळची, साधारण 25 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आतलं ते निषिद्ध क्षेत्र. लाल लांबची, शंभर वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींच्या मधलं नियंत्रित क्षेत्र, तिथं अटींवर बांधता येतं. माझा मेहुणा 'प्लॉट लाल रेषेच्या आत आहे, पण निळ्या रेषेत आहे' असं सांगून खूश होता. आता काय बोलायचं?

शब्दवेडी:
म्हणजे 'आत' हा शब्दच फसवा. कुठल्या बाजूनं आत? 'नदीकडची बाजू' असं लिहावं.

जुना भूकरमापक:
बरोबर. मोजणीत आम्ही कधी 'आत-बाहेर' म्हणत नव्हतो. पूर्वेस ओढा, पश्चिमेस पाणंद. चतुःसीमा सांगायची, म्हणजे भांडण निम्मं कमी.

पाणंदकर:
सगळ्यांचे आभार. रात्री बसून पत्रक नव्यानं लिहिलं. वरच्या ओळीत ना योजना ना आराखडा. असं केलंय:

'आपल्या गावच्या जमिनीचा पुढच्या 20 वर्षांचा नकाशा (सरकारी नाव: विकास योजना). यात पैसे मिळत नाहीत. कुणाच्या रानात काय करता येईल आणि काय नाही, हे यात ठरतं. नकाशा चावडीवर लागला की आपला गट नंबर शोधा. हिरवा, पिवळा की आरक्षण, ते बघा. पटलं नाही तर 30 दिवसांच्या आत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.'

आजीला वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "आपला गट नंबर किती?" मला सांगता आला नाही. सातबारा ट्रंकेत आहे, सकाळी काढतो.

तीन गुंठेवाला:
'पोच घ्या' ठळक अक्षरात टाक.