खंबाटकीच्या चढावर ट्रकने ट्रकला ओलांडण्यास बंदी असावी का?

माहुलीकर (चर्चेची सुरुवात)

गेल्या दिवाळीनंतर वडिलांच्या खुब्याची शस्त्रक्रिया आटोपून त्यांना पुण्याहून साताऱ्याला घरी आणत होतो. सातारा जिल्ह्यातले खंडाळा मागे टाकून महामार्गावरच्या खंबाटकी घाटाचा चढ लागला आणि दुसऱ्याच वळणावर सगळ्या गाड्या एकाएकी मंदावल्या. पुढे दोन ट्रक अगदी खांद्याला खांदा लावून चढत होते. डावीकडे सिमेंटची पोती भरलेला दहा टायर होता आणि उजवीकडे लोखंडी सळ्यांचा ट्रेलर. सळ्यांच्या टोकांना बांधलेले लाल फडके आमच्या काचेपासून दहा-बारा हातांवर हलत होते, काचा बंद असूनही क्लच जळाल्याचा वास आत येत होता आणि मागच्या सीटवर उशांच्या आधाराने आडवे झालेले वडील, प्रत्येक वेळी गाडी थांबून पुन्हा निघाली की, ओठ घट्ट मिटून घेत होते. ट्रेलर पुढे सरकत नव्हता आणि मागेही येत नव्हता. घाटमाथा येईपर्यंत तीच स्थिती राहिली.

घरी आल्यावर मी कागदावर हिशेब मांडला. समजा डावीकडचा ट्रक ताशी २५ किलोमीटरने चढतो आहे आणि ओलांडणारा २८ ने. दोन्ही वाहने १२ मीटर लांब धरली आणि ओलांडण्याआधी व नंतर १०-१० मीटर अंतर ठेवायचे म्हटले, तर ओलांडणाऱ्याला दुसऱ्याच्या तुलनेत ४४ मीटर पुढे जावे लागते. ताशी ३ किलोमीटरच्या फरकाने त्याला ५३ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात रस्ता सरतो चारशे मीटरहून अधिक. घाटात चारशे मीटर सरळ रस्ता कुठे आहे? म्हणजे हे ओलांडणे एका वळणावर सुरू होऊन दुसऱ्या किंवा तिसऱ्या वळणावर संपणार. इतका वेळ मागची प्रत्येक गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अडकते. सुट्टीच्या दिवशी चढावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या, इंजिन तापलेल्या मोटारी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत.

माझे म्हणणे सरळ आहे. पुण्याकडे जाणारी वाहने जुन्या बोगद्यातून गेल्यामुळे हा चढ एकेरी झाला आणि समोरून कोणी येत नाही या भरवशावर ट्रकचालक वाटेल तिथे उजवीकडे येऊ लागले. चढाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत मालवाहू वाहनाने मालवाहू वाहनाला ओलांडण्यास पूर्ण बंदी असावी आणि ती कॅमेऱ्यांच्या साहाय्याने अमलात आणावी.

चौदा टायर, उंब्रज

माहुलीकर साहेब, तुमच्या वडिलांना झालेला त्रास वाचून वाईट वाटले. तरीही तुमच्या मागणीला माझा विरोध आहे. बावीस वर्षे मी हाच रस्ता चालवतो आहे, म्हणून चढावर स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाची बाजू मांडतो.

मोटारीत बसलेल्याला वाटते की पुढचा मंद झाला तर आपणही मंद व्हावे, त्यात काय अवघड आहे? चाळीस टनांच्या वरचे वजन घेऊन चढताना गाडीचा ओघ हाच आमचा आधार असतो. चौथ्या गिअरमध्ये दमाने चढणारी गाडी पुढे ताशी बारा किलोमीटरने चढणाऱ्या गाडीमुळे तिसऱ्यात आली, तिसऱ्यातून दुसऱ्यात आली, की चढ संपेपर्यंत ती पुन्हा वर जात नाही, कारण गिअर बदलण्याच्या तेवढ्या क्षणातच वेग मरतो. तिथून गाडी थांबली तर पुन्हा उचलताना क्लच प्लेट जळते आणि ब्रेक सोडून क्लच धरेपर्यंत गाडी हातभर तरी मागे येते. पूर्वी क्लीनर उडी मारून चाकामागे दगड लावत असे. आता बहुतेक गाड्यांवर क्लीनरच नसतो. आणि आमच्या मागे कोण असते? बंपरला नाक लावून उभी असलेली मोटार, जी आम्हाला आरशात दिसतसुद्धा नाही. तुम्ही बंदी घातली तर सबंध घाटाचा वेग सर्वांत जास्त लादलेल्या गाडीच्या वेगाइतका होईल, आणि ओलांडताना जितक्या गाड्या अडकतात त्याहून अधिक गाड्या चढावर थांबतील.

दोष शोधायचाच असेल तर पासिंगपेक्षा (नोंदणीत मंजूर असलेल्या वजनापेक्षा) जास्त माल भरणाऱ्यांकडे पाहा. २५ टनांचे पासिंग असलेल्या गाडीत ३५ टन भरले की ती चढणार कशी? तो माल चालक भरत नाही. मालक भरतो, व्यापारी भरायला लावतो आणि वजनकाट्यावर कोणी अडवत नाही.

निवृत्त यंत्रशिक्षक, सांगली

माहुलीकरांचा हिशेब बरोबर आहे, परंतु तो अर्धाच आहे. त्यांनी ताशी ३ किलोमीटरचा फरक गृहीत धरला आणि बंदीचा सगळा युक्तिवाद त्या एका आकड्यावर उभा केला. हा फरक कोठून येतो ते पाहू.

दहा टायरच्या ट्रकचे कमाल एकूण वजन जुलै २०१८ मध्ये २५ टनांवरून २८.५ टन करण्यात आले. असा पूर्ण भरलेला ट्रक दर शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर असेल, तर केवळ चढावर टिकून राहण्यासाठी आणि टायरांचा रोध मोडण्यासाठी चाकांवर सुमारे १६ हजार न्यूटन बल लागते. इंजिन १८० अश्वशक्तीचे असले आणि चाकांपर्यंत त्यातील दीडशे पोहोचली, तर वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास अडकतो. चालकाने कितीही पाय दाबला तरी त्यात वाढ होत नाही. तेवढेच वजन २८० अश्वशक्तीच्या ट्रकवर असेल तर तो ताशी चाळीसच्या जवळ चढतो. आता फरक ३ चा न राहता १४ चा झाला, आणि तेच ४४ मीटर ११ ते १२ सेकंदांत पार होतात. या दोन ओलांडण्यांना एकच नियम लावणे मला शास्त्राला धरून वाटत नाही.

जर्मनीत हाच वाद न्यायालयात गेला होता. हाम येथील वरिष्ठ प्रांतीय न्यायालयाने २००८ मध्ये ट्रकने ट्रकला ओलांडण्यासाठी ढोबळ मर्यादा सांगितली, ती अशी की वेगातला फरक किमान ताशी १० किलोमीटर असावा आणि ओलांडणे ४५ सेकंदांत संपावे. तेथील वाहतूक आणि आपली वाहतूक यांत फरक आहे हे उघड आहे, पण मोजमाप मात्र उचलण्यासारखे आहे. माहुलीकरांनी पाहिलेला ट्रेलर या कसोटीवर दोषी ठरतो आणि सशक्त इंजिनाचा ट्रक सुटतो.

एक गोष्ट मात्र चौदा टायर यांनी मान्य करावी. ज्याला ओलांडले जात आहे त्याने वेग वाढवू नये, हा नियम २०१७ च्या वाहनचालन विनियमांत आहे आणि त्याआधीही होता. चढावर कितीतरी वेळा डावीकडचा चालक शेजारी गाडी आलेली पाहून पाय दाबतो. मग ओलांडण्याचे रूपांतर शर्यतीत होते.

पाटणवासी

आपण सगळे खंबाटकीवर बोलत आहात, जिथे समोरून कोणी येत नाही. मी कराड-चिपळूण रस्त्यावरच्या कुंभार्ली घाटाबद्दल लिहितो, कारण तिथे ओलांडणे म्हणजे समोरच्याच्या पदरात (लेनमध्ये) शिरणे आहे.

नागमोडी वळणावर लांब ट्रक आपल्या बाजूने फिरू शकत नाही. पुढची चाके रुंद घेतली तरी मागची चाके वळणाच्या आत कापत जातात, म्हणून चालकाला मुद्दाम पलीकडचा पदर वापरावा लागतो. अशा वेळी मागचा मोटारचालक समजतो की ट्रकने आपल्याला वाट दिली आणि आतल्या बाजूने गाडी घालतो. ट्रक सरळ होताना ती मोटार मागची चाके आणि कठडा यांच्यामध्ये सापडते. पावसाळ्यात धुके उतरले म्हणजे या वळणांवर समोरच्या गाडीचा दिवासुद्धा अगदी जवळ आल्यावर दिसतो.

दुसरे दुखणे उजव्या इंडिकेटरचे आहे. आपल्याकडे ट्रकचालक उजवा इंडिकेटर देतो तेव्हा त्याचे दोन अर्थ होतात: एक तर तो स्वतः उजवीकडे वळतो आहे, नाहीतर ‘रस्ता मोकळा आहे, उजवीकडून या’ असे मागच्याला सांगतो आहे. एकाच दिव्याचे हे दोन अर्थ परस्परांच्या विरुद्ध आहेत आणि मागच्याला घाटात क्षणभरात त्यांतला एक निवडावा लागतो. २०१७ च्याच वाहनचालन विनियमांनुसार अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते. चौदा टायर यांनी ओघाबद्दल जे सांगितले तेच या नियमाचे कारण आहे, पण उतरणाऱ्या मोटारींपैकी किती जण थांबतात? माहुलीकरांच्या बंदीला माझा पाठिंबा आहे, मात्र ती आधी दुहेरी घाटांत हवी आणि तिथे ती मोटारींनाही लागू असावी.

वेळेकर

माझे घर घाट उतरल्यावर लगेच आहे, त्यामुळे चढाचा त्रास मला दिसत नाही, उतरून आलेल्या गाड्या दिसतात. संध्याकाळी मागच्या चाकांमधून धूर निघत असलेला ट्रक डाव्या कडेला उभा असतो आणि चालक ब्रेकच्या ड्रमवर बाटलीने पाणी ओतत असतो. तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडले की तो तडकू शकतो हे मी किती जणांना सांगितले असेल. आपण चढावरच्या गैरसोयीवर एवढे लिहीत आहोत, पण माणसे मरतात ती उतारावर. बोगदा ओलांडून पुण्याच्या बाजूला उतरताना जे इंग्रजी एस अक्षरासारखे वळण लागते, तिथे एप्रिल २०१८ मध्ये मजुरांचा टेम्पो उलटून १८ जणांचे प्राण गेले, हे या भागातला कोणी विसरलेला नाही.

निवृत्त यंत्रशिक्षक, सांगली

वेळेकरांच्या मुद्द्याला आकड्याची जोड देतो. २८.५ टनांचा ट्रक १०० मीटर उंची उतरतो तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिने सुमारे ९० लिटर गार पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता ब्रेकच्या लायनरने (ड्रमला आतून घासणाऱ्या अस्तराने) आणि ड्रमने पचवायची म्हटली तर ते तापतात, ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो, लायनरची पकड कमी होते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. वारंवार दाबत राहिले की ब्रेक चालवणाऱ्या हवेच्या टाकीतला दाबही उतरतो. म्हणूनच ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, इंजिनाला गाडी धरू द्यायची आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी मंद करणारा) असेल तर तो उताराच्या आधीच लावायचा, हे आम्ही मुलांना पहिल्या महिन्यात शिकवत असू. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणारा चालक गाडीचा सर्वांत भरवशाचा ब्रेक स्वतःच्या हाताने काढून टाकतो.

माहुलीकर

यंत्रशिक्षकांचे ११ सेकंद आणि ५३ सेकंद यांतले अंतर मला मान्य करावे लागते, म्हणून पूर्ण बंदीची मागणी मी मागे घेतो. मात्र चौदा टायर यांचे एक म्हणणे पटत नाही. बंदी घातली तर सगळा घाट सर्वांत मंद गाडीच्या वेगाने चालेल असे ते म्हणतात, पण तो मंदपणा डाव्या पदरापुरता राहील. आज दोन्ही पदर त्याच वेगाने चालतात, कारण उजवा पदरही त्याच्याएवढ्याच मंद गाडीने व्यापलेला असतो. जड मालाचा ट्रक मंद चढणार हे निसर्गाचे आहे, पण त्या मंदपणाला दुसरा पदर देणे हा चालकाचा निर्णय आहे.

या घाटाला पर्याय म्हणून हाती घेतलेले नवे जुळे बोगदे पूर्णपणे वापरात आल्यावर हा प्रश्न उरणार नाही, असेही मला काहींनी तोंडी सांगितले. प्रत्येक बोगद्यात तीन पदर आहेत, पण तीनपैकी दोन पदरांत ट्रकच शेजारी-शेजारी चालले तर उरलेल्या एका पदरावर सगळ्या मोटारी, एसटी आणि रुग्णवाहिका येतील. आपल्याकडे रस्ता रुंद झाला आणि शिस्त जुनीच राहिली, हे पुणे-सातारा सहापदरी झाल्यावर आपण अनुभवलेच आहे.

चौदा टायर, माझा थेट प्रश्न आहे. रिकाम्या किंवा सशक्त गाडीने ओलांडावे, पण भरलेल्या आणि बरोबरीच्या गाडीने वळण सुरू झाल्यावर ओलांडू नये, एवढे तुम्हाला चालेल का?

चौदा टायर, उंब्रज

चालेल, दोन अटींवर. पहिली अशी की डावा पदर खरोखर मोकळा मिळाला पाहिजे. आम्ही उजवीकडे का राहतो, याचे उत्तर डावीकडे आहे: बिनरिफ्लेक्टरची बंद पडलेली गाडी, हंगामात दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर, उलट दिशेने येणारी दुचाकी आणि खचलेली कड. रात्री यांतले काहीही अचानक पुढे आले तर चाळीस टन जागेवर थांबत नाहीत. दुसरी अट अशी की पायथ्याशी, पहिल्या वळणाच्या आधीच, ज्याची गाडी जोरात आहे त्याला पुढे काढून देण्याइतका सरळ पट्टा राखून ठेवावा. तिथे जो पुढे गेला तो गेला, उरलेल्यांनी रांगेत राहावे. दंड मात्र चालकाच्या नावावर पडणार आणि जास्त माल भरणारा सुटणार असेल, तर वजनकाटाही त्याच पायथ्याशी हवा.

यंत्रशिक्षक साहेबांनी शर्यतीबद्दल लिहिले ते खरे आहे आणि आमच्यातले पुष्कळ जण तसे करतात. मी वळणावर ओलांडत नाही. शेजारचा सोडत नसेल तर मीच पाय काढून मागे येतो. मागच्या आठवड्यात असाच मागे येत होतो, डावा इंडिकेटर दिला होता, आरशात जागा दिसत होती, आणि माझी गाडी अर्धी आत आल्यावर मागच्या मोटारीने हॉर्न वाजवत त्याच जागेत डावीकडून गाडी घातली. मी चढावर जागीच ब्रेक मारला. तिथून पहिल्या गिअरमध्ये गाडी पुन्हा उचलेपर्यंत माझ्या मागे किती मोटारी थांबल्या असतील हे मला आरशात दिसत नव्हते, फक्त हॉर्न ऐकू येत होते.