पुरात बुडालेली १९७१ ची जावा घरच्या गॅरेजमध्ये उभी करायची आहे, सल्ला हवा

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. वडिलांची जावा २५० मोटारसायकल आहे, मैसूरच्या आयडियल जावाची, बी टाइप, १९७१ ची. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात आमच्या तळमजल्यावर पाणी आलं तेव्हा गाडी हँडलपर्यंत चिखलात होती. त्या वेळी घर सावरायचं की गाडी? पाइपने धुतली, वर ताडपत्री टाकली, आणि ती तशीच राहिली. आता जागा मोकळी केली आहे.

आजची अवस्था अशी. किक जागची हलत नाही. टाकीत गंज, टॅपच्या बाजूला शिवणीपाशी बारीक भोक. पुढच्या मडगार्डवर जांभा चिरा पडून ते चेपलंय. कार्ब्युरेटर पांढरा पडलाय. सायलेन्सर दोन्ही जागेवर आहेत, आतून काय झालंय देव जाणे. चेसिस आणि इंजिनचे नंबर नीट वाचता येतात. आरसी बुक भिजलेलं पण शाबूत. गाडी अजून वडिलांच्याच नावावर, आणि ते आता नाहीत.

स्कूटरची किरकोळ कामं घरी करतो, इंजिन मात्र कधी उघडलेलं नाही. सुरुवात कुठून करू? काय घरी होईल, काय बाहेर द्यावं? ६ व्होल्ट ठेवू की १२ करू? आणि रंगाचं काय? पैसे एकदम नाहीत, हळूहळू घालणार आहे.

दोन_पाइप

आधी एक काम करू नका: किकवर उभं राहू नका. जावात किक आणि गिअरचा लिव्हर एकच. इंजिन जाम असताना त्यावर वजन टाकलं की आतला किकचा दाता तुटतो, आणि जे काम सिलेंडरपुरतं होतं ते केसिंगपर्यंत जातं.

गिअरबॉक्सचं ऑइल आज संध्याकाळीच काढा. खाली पसरट भांडं ठेवा आणि पहिलं काय पडतं ते बघा. आधी नुसतं पाणी आलं, मग दुधाळ चहासारखं ऑइल, तर पूर आत पोचलेला आहे. तुमच्या बाबतीत तो पोचलेलाच असणार, पण मातीचं प्रमाण किती आहे ते कळतं.

मग हेड काढा, पिस्टन कुठे थांबलाय ते दिसेल. सिलेंडरच्या भिंतीवर वर जो गंज दिसतोय तो आधी रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपरने काढा. तो तसाच ठेवून पिस्टन वर ओढला तर रिंगा त्यात अडकतात. डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचं लाल ऑइल निम्मं निम्मं करून वर ओता आणि विसरून जा. मधून मधून भर घाला. नंतर बोअरच्या (सिलेंडरच्या आतल्या भोकाच्या) मापाचा लाकडी ठोकळा पिस्टनवर ठेवून हलक्या हाताने ठोका. पिस्टन अगदी तळाशी असेल तर ठोकून काही होणार नाही, तेव्हा सिलेंडरच डावीउजवीकडे हलवत वर काढायचा. फिनखाली पाना घालून उचकटू नका, फिन ओतीव लोखंडाचे आहेत, टचकन तुटतात.

आता मुख्य मुद्दा. पिस्टन सुटला, किक फिरली, प्लगला ठिणगी आली की माणसाला मोह होतो. तिथे थांबा. टू स्ट्रोकच्या क्रँकला (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याला) वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलमधून येईल तेवढंच. पुराची माती कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगमध्ये बसलेली असते, रोलरवर गंजाचे खड्डे पडलेले असतात. असं इंजिन सुरू होतं, छान वाजतं, आणि परशुराम घाट चढताना रॉड घेऊन बसतं. पुरातल्या गाडीचं इंजिन पूर्ण उघडायचं, अर्धं काम करायचं नाही.

उघडताना: केसिंगचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे आहेत. पुठ्ठ्यावर केसिंगचा आकार पेन्सिलने काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच टोचून ठेवा. स्क्रू अडले की हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा, साध्या ड्रायव्हरने खाचा जातात. डायनॅमोच्या रोटरला आणि क्रँकवरच्या स्प्रॉकेटला पुलर (ओढून काढायचं हत्यार) लागतो. छिन्नीने काढणारा मिस्त्री भेटला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. क्लचच्या नटवर जोर लावण्याआधी आटे सुलटे की उलटे ते मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. गाडी मूळची झेक, सगळं मिलिमीटरमध्ये आहे, तेवढं एक सुख. बुलेटवाल्यांसारखे इंची पाने जमवत फिरायला नको.

उद्यमनगर_रिटर्न

वरच्या काकांशी सहमत. बाहेर द्यायची कामं मी सांगतो.

चिपळूणहून कुंभार्ली घाट, कराड, कोल्हापूर. शिवाजी उद्यमनगरात लेथ, बोअरिंग, क्रँक प्रेस सगळं जवळ जवळ आहे. क्रँकला रॉड किट टाकणं हे घरचं काम नाही. प्रेसवर उघडून नवी पिन, रोलर, रॉड टाकायचा आणि मग क्रँक सेंटरमध्ये धरून डायल गेजने (बारीक फरक दाखवणाऱ्या काट्याच्या मापयंत्राने) सरळ करायचा. दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत आला पाहिजे. ‘डोळ्यांनी बघून केलाय’ म्हणणाऱ्याकडून क्रँक घेऊ नका.

पिस्टन आधी विकत घ्या, बोअर नंतर. मूळ बोअर ६५ मिलिमीटर, पुढे पाव पाव मिलिमीटरने ओव्हरसाइझ. मशीनवाल्याच्या हातात प्रत्यक्ष पिस्टन ठेवायचा आणि त्याच्या मापाने बोअर मारून घ्यायचा. पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नका. आणि बोअर झाल्यावर पोर्टच्या (सिलेंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) कडांची धार मारून घ्यायला सांगा. हे कुणी आपणहून करत नाही. धारदार कडेवर रिंग अडकते आणि तुटते, मग सगळं परत पहिल्यापासून.

बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. जुनं बेअरिंग खिशात घालून चांगल्या दुकानात जा, ‘जावाचं बेअरिंग’ असं मागू नका, नंबर सांगा. क्रँकसाठी सी-३ (आत थोडी जास्त सैल जागा असलेलं) घ्या. बसवताना केसिंग गरम करायचं, पाण्याचा थेंब टाकला की चरचरला पाहिजे, आणि बेअरिंग आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवायचं. हाताने आत बसतं. हातोडीची गरज पडली तर समजा केसिंग अजून गार आहे. (घरच्या ओव्हनमध्ये तापवणार असाल तर घरच्यांची परवानगी तुमची तुम्ही काढा.)

क्रँकची ऑइल सील दोन्ही बाजूंची नवी. क्लचकडची गेली की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं, पांढरा धूर थांबत नाही. डायनॅमोकडची गेली की बाहेरची हवा ओढतं, इंजिन आपोआप रेस होतं आणि गरम होऊन पिस्टन धरतो. लोक मग महिनोन्‌महिने कार्ब्युरेटर उघडत बसतात.

सहा_व्होल्ट

६ व्होल्ट ठेवा. डायनॅमोचे ब्रश बदला, कॉम्युटेटर साफ करा, वायरिंग सगळं नवं ओढा आणि अर्थिंगच्या जागा धातू दिसेपर्यंत घासा. ‘जावाचा दिवा म्हणजे काजवा’ ही तक्रार निम्म्याहून जास्त वेळा गंजलेल्या अर्थिंगची असते. पुरानंतर तर नक्कीच.

ठिणगीच्या टायमिंगसाठी प्लगच्या भोकातून डायल गेज लावा. पॉइंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काची) गॅप ०.४ मिलिमीटर. आणि पॉइंट नेमका कधी उघडतो ते पाहायला सिगारेटचा कागद त्यात धरून हळूच ओढत राहा. ज्या क्षणी कागद सैल सुटतो तो क्षण. त्याच वेळी पिस्टन मॅन्युअलमधल्या मापावर असला पाहिजे. कंडेन्सर नवा घ्या, जुना चांगला दिसला तरी.

रोजची_फेरी

सहा_व्होल्ट यांचा आदर आहे, पण कोकणातल्या पावसात संध्याकाळी सातला ट्रक समोरून आला की ओरिजिनॅलिटी आठवत नाही. मी १२ व्होल्ट आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन केलंय, गाडी रोज चालते. जुना डायनॅमो तेल लावून डब्यात ठेवलाय, उद्या वाटलं तर परत बसवता येईल. तुम्ही गाडी रोज चालवणार की रविवारी, त्यावर ठरवा.

सहा_व्होल्ट

डब्यात ठेवलेला डायनॅमो परत बसवलेला माणूस मला अजून भेटायचाय. :)

फॉर्म_३१

दादा, सुटे भाग घ्यायच्या आधी कागद करा. क्रँक नंतरही होईल.

वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ लागतो. सोबत मृत्यू दाखला, वारसांचे पुरावे, आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. बहिणी-भाऊ असतील तर आत्ता सह्या घ्या. गाडी गंजलेली असताना सगळे आनंदाने सही करतात, चकचकीत झाल्यावर भावना जाग्या होतात.

इतक्या जुन्या गाडीची नोंद बहुतेक वेळा संगणकात नसते. रत्नागिरी आरटीओत आरसी बुक दाखवून जुन्या नोंदीवरून बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागेल. नंबर अजून वाचता येतात हे तुमचं नशीब. त्यांचे फोटो आजच काढा आणि पेंटरला त्या जागेवर सँडब्लास्टिंग (वाळूचा मारा) करू देऊ नका. नंबर पुसट झाला की पुढे कुणीही तुमचं ऐकून घेणार नाही.

दुसरा मार्ग व्हिंटेज नोंदणीचा. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपातली दुचाकी त्यात बसते, तुमची बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे ५,००० रुपये. नव्याने नोंदणाऱ्यांना नंबरात व्हीए अक्षरं मिळतात, आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर. भाजी आणायला न्यायची असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे आभार. ऑइल काढलं. आधी लोटाभर पाणी, मग राखाडी गाळ. म्हणजे पूर्ण उघडणं आलंच. बहिणीची सही या गणपतीत होईल, ती तेव्हा येतेय. टाकी आणि रंगाबद्दल कुणी सांगेल का? इथला एक पेंटर टाकी वेल्डिंग करून पूर्ण मरून रंगात ‘नव्यासारखी’ करून देतो म्हणतोय.

दोन_पाइप

वेल्डिंग अजिबात नाही. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतसुद्धा पेट्रोलची वाफ असते. वर्षानुवर्षं कोरडी असली तरी.

क्रम असा ठेवा. टाकीत मूठभर साखळीचे तुकडे किंवा नट टाकून हलवा, सुटा गंज निघेल. मग गरम पाण्यात सायट्रिक अॅसिड, किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं तेच. रात्रभर ठेवून बघा, गरज पडली तर पुन्हा. बाथरूमचं अॅसिड नको, ते गंजाबरोबर पत्राही खातं आणि बाजूचं क्रोम काळं करतं. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच गरम हवेने वाळवा, नाहीतर तुमच्या डोळ्यांदेखत परत लाल होईल. गंज निघाल्यावर एका भोकाची तीन झालेली दिसतील, घाबरू नका, ती आधीपासून होतीच. ती कथलाने बंद होतात, पण ते काम टाकी नीट धुऊन, पाणी भरून, जाणत्या माणसाकडूनच. आतून लायनर (गंजरोधक लेप) लावणार असाल तर तो इथेनॉलला टिकणारा आहे याची खात्री करा. आताच्या पेट्रोलमध्ये साधा लायनर पापुद्रे सोडतो आणि ते कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात.

रंग सगळ्यात शेवटी. लोक रंगापासून सुरुवात करतात कारण फोटो चांगले येतात, मग इंजिन बसवताना नव्या फ्रेमला ओरखडे. फ्रेम, स्टँड, मडगार्ड आत्ता फक्त प्रायमरवर ठेवा. आणि टाकीवर बाजूचं क्रोम थोडं जरी शिल्लक असेल, सोनेरी रेघ दिसत असेल, तर पेंटरला हात लावू देऊ नका. एकदा पूर्ण मरून मारली की तुमच्या वडिलांची गाडी आणि बाजारात मिळणारी कुठलीही गाडी यात फरक उरत नाही. चेपलेलं मडगार्ड मात्र ठोकून मूळचंच वापरा, त्याचा पत्रा आताच्या नकली मडगार्डपेक्षा जाड आहे.

उद्यमनगर_रिटर्न

सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ आणि मैसूर. नाना पेठेत जाताना जुना भाग बरोबर न्या. नव्या पाकिटातला पॉइंट घेण्यापेक्षा जुन्या स्टॉकमधला कधीही घ्या.

ब्रेकचे जुने शू काढताना ड्रममधली धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका. त्या काळच्या लायनिंगमध्ये अॅसबेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा.

वाशिष्ठीकाठ

क्रँक आणि सिलेंडर कोल्हापूरला, बाकी घरी, असं ठरवलं. पेंटरला सध्या थांबायला सांगितलंय, तो रुसलाय. शेवटचा प्रश्न: नवीन बोअरवर पेट्रोल-ऑइलचं प्रमाण?

दोन_पाइप

रनिंग-इन (नवं इंजिन बसेपर्यंतचा सुरुवातीचा काळ) संपेपर्यंत २० ला १, म्हणजे लिटरमागे ५० मिली टू-टी (टू स्ट्रोकचं ऑइल). नंतर २५ ला १, लिटरमागे ४०. वेगळ्या डब्यात मिसळून मग टाकीत ओता. आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकीतलं काढून ठेवा, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कार्ब्युरेटरचं फ्लोट चेंबरही रिकामं करा.