बीपी नॉर्मल, तरी बीपीची गोळी कशाला?

विनायक_सातारा:
लेक एम.फार्म. करते. त्यांच्याकडे रॅटना खारट खाद्य देऊन बीपी चढवतात, मग त्यांची हृदयं बिघडतात म्हणे. मला अटॅक येऊन गेलाय, इकोत ईएफ (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती रक्त बाहेर पडतं ते) ३५ टक्के. बीपी ११०/७०, तरी रामिप्रिल चालू. बीपीच नाही तर गोळी कशाला? लेक म्हणते, "बाबा, सबमिशन होऊ दे, मग सांगते."

पिंजरा_नंबर_सात:
काका, मी लॅबमध्ये हेच करते. लेकीचे रॅट बहुधा डाल जातीचे, मीठ न सोसणारे. खाद्यात ८ टक्के मीठ. बीपी चढतं तशी डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. काही आठवडे हृदय उलट जोमात दिसतं, नवीन पोरं फसतात ती इथेच. मग कप्पा फुगतो, फुप्फुसात पाणी साचतं. आम्ही शेवटी फुप्फुसांचं वजन करतो, त्यात सगळं उघडं पडतं.

तुमचं उत्तर मात्र क्योटोच्या रॅटमध्ये आहे. ओकामोतो आणि आओकी यांनी १९६३ मध्ये जाहीर केलेली ही जात, बीपी वंशातच. दीड-दोन वर्षांचे झाले की त्यातल्या अनेकांचं हृदय फेल होतं, आणि तेव्हा चढलेलं बीपी खाली येतं! बरं वाटून नव्हे, दाब तयार करायला पंपात दमच उरत नाही म्हणून. तेव्हा कमजोर हृदयाच्या माणसानं ११० बघून खूश होऊ नये.

धडधाकट हृदयासमोर दाब वाढवला तर ते जोर लावून जवळपास तेवढंच रक्त फेकतं. दुबळ्याचं प्रत्येक ठोक्याचं रक्त लगेच घटतं. रक्तवाहिन्या सैल केल्या की तेच हृदय जास्त पुढे ढकलतं. रामिप्रिल हेच करतं.

एमडी_मेडिसिन:
भर घालतो. जॅनिस आणि मार्क फेफर यांच्या गटानं रॅटची कोरोनरी (हृदयाला रक्त देणारी धमनी) बांधून अटॅक घडवला आणि कॅप्टोप्रिल दिलं. कप्पा कमी फुगला, रॅट जास्त जगले (१९८५). त्यावरून माणसांवर सेव्ह चाचणी झाली : २,२३१ रुग्ण, अटॅकनंतर ईएफ ४० किंवा कमी. १९९२ चा निकाल, मृत्यू १९ टक्क्यांनी कमी. रामिप्रिल कॅप्टोप्रिलच्याच घराण्यातलं. स्वतःहून बंद करू नका, चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

विनायक_सातारा:
पटलं. लोणच्याचं काय? ८ टक्के तर मी खात नाही.

पिंजरा_नंबर_सात:
काका, रॅटच्या साध्या खाद्यात मीठ एक टक्क्याच्याही आत असतं. लोणच्याचा आकडा लेकीला विचारा. सबमिशन असलं तरी याचं उत्तर ती लगेच देईल.