झीलाटेक : ओळीच्या टोकाचा पूर्णविराम समासात किती ढकलावा?

अमळनेरकर
नमस्कार मंडळी. आजीच्या जात्यावरच्या अहिराणी ओव्या आणि त्यांच्याभोवतीच्या आठवणी, असं १७६ पानांचं पुस्तक मी घरीच लावतेय. डेमी आकार, शोभिका फाँट १३ पॉइंट, पानं लावायला झीलाटेक ही संगणक प्रणाली. मजकूर दोन्ही कडांना जुळवलेला आहे, तरी छापलेलं पान जरा लांब धरलं की उजवी कड कुरतडल्यासारखी दिसते. पट्टी लावून पाहिली. पूर्णविराम किंवा स्वल्पविरामावर संपणाऱ्या ओळींपाशीच खाच आहे. मायक्रोटाइप (कडेची चिन्हं किंचित समासात सरकवणारं झीलाटेकचं पॅकेज) लावल्यावर ती कमी झाली, गेली नाही. चिन्हागणिक आकडे बदलता येतात का? ओव्यांमध्ये दंड आहेत, त्यांचं काय करू? आजी ९१ वर्षांची आहे. तिच्या हातात पडणारं पान नीटच असायला हवं.

धुळ्याचा जुळारी
ताई, खाच बरोबर पकडलीत. मी वीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले, मग डीटीपीत आलो, आणि हीच खाच मला कायम टोचत आलीय. आपल्याकडे ओळीची कड शिरोरेषा ठरवते. शेवटी अक्षर असेल तर रेघ थेट कडेला टेकते. पूर्णविराम आला की रेघ आधीच संपते, टिंब खाली बसतं आणि त्याच्या डोक्यावर नुसता पांढरा कागद उरतो. रोमनला शिरोरेषा नाही, त्यामुळे तिथे ही उणीव एवढी डोळ्यांत भरत नाही. खिळ्यांच्या काळी सोपा इलाज नव्हता, खिळे जुळवायच्या स्टिकच्या मापाबाहेर खिळा जाणार कुठे?

मायक्रोटाइपचे तयार आकडे रोमनसाठी बेतलेले आहेत. ते ‘सेटप्रोट्रूजन’ या आज्ञेने बदलतात (प्रोट्रूजन म्हणजे चिन्ह समासात सरकवणं). प्रत्येक चिन्हाला दोन आकडे, एक डाव्या कडेचा, एक उजव्या. आकडा म्हणजे त्या चिन्हाच्या स्वतःच्या रुंदीचे हजारांश : ५०० दिले की अर्धं चिन्ह समासात, १००० दिले की अख्खं. पूर्णविराम आणि स्वल्पविरामाला मी उजवीकडे १००० देतो, म्हणजे रेघ कडेला टेकते. समासात जातं ते जेमतेम मिलिमीटरभर, कटिंगला धोका नाही. संयोगचिन्हाला ७०० पुरे. प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह उंच असतात, वरची जागा तीच भरतात, त्यांना १५०च्या आसपास.

दंडाला शून्य. तो कान्यासारखा वरपासून खालपर्यंत उभा असतो, तोच कड होतो. शिवाय ओव्यांच्या ओळी तुम्ही तोडूनच लावल्या असतील, तिथे उजवी कड मोकळीच असते.

जळगाव_टेक
काकांच्या आकड्यांशी सहमत. फक्त आज्ञेत एन्कोडिंग, म्हणजे फाँटची संकेतपद्धत, ‘टीयू’ लिहा. जुन्या उदाहरणांत ‘टी१’ असतं, ते इथे लागू होत नाही. दुसरं, ओळीतलं अगदी शेवटचं चिन्हच बाहेर सरकतं. वाक्य पूर्णविराम आणि मग अवतरणचिन्ह असं संपत असेल तर फक्त अवतरणचिन्ह सरकेल, पूर्णविराम आतच राहील. आठवणींत संवाद भरपूर असतील तर अशा ओळी डोळ्यांखालून घाला. अनुक्रमणिकेपुरतं प्रोट्रूजन बंद असल्याची खात्री करा, नाहीतर पानांचे आकडे एका रेषेत राहत नाहीत. आणि टाइप करताना पूर्णविरामाआधी जागा सोडायची सवय असेल तर आधी त्या सगळ्या जागा काढा. त्या जागेवर ओळ तुटली तर टिंब एकटंच खालच्या ओळीत जातं.

अमळनेरकर
काका, दादा, बठ्ठं करून पाहिलं. पूर्णविरामाआधीच्या जागा २१२ निघाल्या, सगळ्या माझ्याच हातच्या. आकडे बदलल्यावर परिच्छेदांच्या ओळीही नव्याने तुटल्या, एका प्रकरणात दोन ओळी कमी झाल्या. पूर्णविराम १००० वर सुरेख बसलाय. स्वल्पविरामाची शेपटी मात्र मला फार बाहेर वाटली, म्हणून ८५० केला. चालेल ना?

धुळ्याचा जुळारी
चालेल. पण पडद्यावर ठरवू नका. ज्या कागदावर पुस्तक छापणार त्याच कागदावर चार पानं काढा, १००० आणि ८५० शेजारी ठेवा, आणि खिडकीच्या उजेडात बघा. पिवळसर कागदावर शेपटी जरा कमी दिसते. आणि जमलं तर दोन-तीन ओव्या इथे टाका. आमच्या मायचं जातं अजून घरात आहे.