प्रत्यारोपणानंतरची गोळी : गरज की भीतीचा बाजार?

निशिगंध : दात्याच्या मूळपेशी एकदा रुजल्या की ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) उलटू नये म्हणून वर गोळ्या देणे हा भीतीचा बाजार आहे, असे काल खडूस यांनी लिहिले. माझ्या धाकट्या भावाचा एएमएल (ल्युकेमियाचा तीव्र प्रकार) एफएलटी३-आयटीडी या जनुकदोषाचा, म्हणजे उलटण्याची भीती जास्त असलेला होता, त्यामुळे गप्प बसवत नाही. २०२० च्या सोरमेन चाचणीत दोन वर्षांनंतर आजार न उलटता जगलेले रुग्ण सोराफेनिब (हा दोष रोखणारी गोळी) गटात ८५ टक्के, तर प्लासिबो (बिनऔषधी गोळी) गटात ५३ टक्के होते.

खडूस : त्या चाचणीत रुग्ण अवघे ८३! मॉर्फो चाचणीत ३५६ होते, गिल्टेरिटिनिब हे याच दोषावरचे अधिक नेमके औषध होते, तरीही ७७ विरुद्ध ७० टक्के हा फरक सांख्यिकीच्या निकषावर थोडक्यासाठी नापास झाला. खरी राखण दात्याच्या लिम्फोसाइट (परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) करतात. एकसारख्या जुळ्या भावंडाच्या पेशी रुग्णाच्या पेशींना परके मानत नाहीत, त्या घेतल्यास आजार जास्त उलटतो तो त्यामुळेच. सायक्लोस्पोरिन (दात्याच्या पेशींना आवरणारे औषध) वेळेवर उतरवावे, कायमेरिझम (रक्तातील दात्याच्या पेशींचे प्रमाण) घसरल्यास डीएलआय (दात्याच्या लिम्फोसाइट पुन्हा चढवणे) द्यावे.

निशिगंध : ज्यांच्यात एमआरडी (सूक्ष्मदर्शकाला न दिसणारा, खास चाचणीतच सापडणारा उरलेला आजार) सापडली होती त्यांना मॉर्फोतही फायदा झाला, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. राहिले सायक्लोस्पोरिन : भावाचे ते उतरवताच आतड्यांचा जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींचा रुग्णाच्या शरीरावरचा हल्ला) उसळला आणि आम्ही सात आठवडे रुग्णालयात काढले. 'वेळेवर' लिहायला काय जाते?

हिशेबनीस : किमतीविषयी कोणीच का बोलत नाही? सोराफेनिबचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीविना औषध बनवण्याची मुभा) दिला, म्हणून तो ८,८८० वर आला.

खडूस : तो परवाना यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी होता, ल्युकेमियासाठी नव्हे.

हिशेबनीस : गोळी तीच आहे, महाशय! औषध विकत घेताना आम्ही शेत विकायचे की परवान्यातील कलमे वाचत बसायचे? पेटंटधारक बायर कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि २०१४ मध्ये तिथेही हरली, हेही लिहा की.

निशिगंध : स्वस्त झाली तरी ती सोपी नाही. भावाच्या तळहातांची सालपटे निघाली, डोस निम्मा करावा लागला.

खडूस : एमआरडी असेल तर गोळी द्यावी, एवढे मान्य करतो, आपला विजय साजरा करा. माझ्या पत्नीला मात्र हीच गोळी चालू असताना अकराव्या महिन्यात ब्लास्ट (ल्युकेमियाच्या अपरिपक्व पेशी) दिसले.

निशिगंध : वाईट वाटले. त्याआधी त्यांची एमआरडी किती होती?

खडूस : तपासलीच नव्हती. प्रत्यारोपणानंतर शंभराव्या दिवसाची अस्थिमज्जा सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसली, तेवढ्यावर आम्ही पेढे वाटले.